दोन वाटांचा सर्व्हर आणि जनरल रजिस्टरचा उतारा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. मी इतिहासाचा शिक्षक. तसे लिहिणे मला सोपेही गेले असते. परंतु गेल्या वर्षीच्या जून महिन्यात आपल्या शाळेच्या संगणकावरील नोंदीचे पान बाहेरगावाहून उघडत नव्हते आणि त्यामुळे अनेक माजी विद्यार्थ्यांना व पालकांना त्रास झाला. त्यांना त्या वेळी कार्यालयातून जी उत्तरे मिळाली ती बरोबर नव्हती, आणि त्यांतील काही उत्तरे मी स्वतः दिलेली होती. म्हणून त्या बिघाडाचे खरे कारण नीट समजावून सांगणे हे मी प्रथम कर्तव्य मानतो. विषय तांत्रिक आहे, पण दहावीच्या मुलाला कळेल इतपत तो उलगडता येतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम त्या पानाचे महत्त्व. आपल्या समाजातील मुलामुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि जात पडताळणी समितीपुढे अर्जदाराबरोबरच वडील, काका, आत्या, आजोबा यांच्या शाळेतील नोंदी पुरावा म्हणून मांडाव्या लागतात. ज्यांच्या नावे सातबारा नाही, जुने खरेदीखत नाही, घराण्याचे कागद जपून ठेवायला कपाटही नव्हते, त्यांच्या बाबतीत शाळेचे जनरल रजिस्टर हा अनेकदा हाती लागणारा सर्वांत जुना कागद असतो. त्यातील एका ओळीवर एखाद्या मुलीचे अभियांत्रिकीचे किंवा परिचर्येचे वर्ष अवलंबून राहते. आपल्या वसतिगृहात राहून गेलेली पिढी आज पुणे, मुंबई, हैदराबाद अशी विखुरलेली आहे. एका उताऱ्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून त्यांनी येथवर यावे, हे आम्हांला बरे वाटत नव्हते. म्हणून जुन्या रजिस्टरांची पाने स्कॅन करून एका सर्व्हरवर ठेवली आणि बाहेरून अर्ज करता येईल असे एक साधे पान तयार केले. अर्जदाराने नाव व प्रवेशाचे वर्ष भरावे, लिपिकाने आत बसून नोंद शोधावी आणि फक्त त्याच नोंदीचा उतारा तयार करावा, अशी ती व्यवस्था होती. चार वर्षे ती बिनतक्रार चालली.

पुढे महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडण्याचे प्रकार वारंवार होऊ लागले. आठ आठ दिवस शाळा जगापासून तुटून राही. तेव्हा व्यवस्थापनाने दुसऱ्या एका सेवादाराची जोडणी घेतली. संगणक कक्ष आणि वसतिगृहातील अभ्यासिका या नव्या जोडणीवर आणल्या. मुलांना सर्व्हरवरील ग्रंथसंग्रह वाचता यावा म्हणून सर्व्हरमध्ये आणखी एक नेटवर्क कार्ड बसवले आणि त्याची केबल नव्या राउटरला लावली. जुनी केबल जुन्या राउटरला होतीच. एका सर्व्हरला दोन नेटवर्क. एक वाट बंद पडली तर दुसरी आहे, या विचाराने आम्ही निश्चिंत झालो.

आणि मग पान उघडेनासे झाले. गंमत अशी की ते शाळेत उघडत असे. पुण्याहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला की, सर, मुलीचा अर्ज अडला आहे, पान नुसते फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा निरोप येतो. मी संगणक कक्षात जाऊन पाहिले. पान क्षणात उघडले. मी त्याला म्हणालो, "अरे, इथे तर व्यवस्थित चालते आहे. तुझाच फोन बघून घे." दोन दिवसांनी वीज जाऊन आली आणि त्यालाही पान दिसू लागले. माझी खात्रीच पटली की दोष त्याच्या फोनचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा वीज गेली, आणि पुन्हा बाहेरच्या सर्वांना पान बंद. हे असे महिनाभर चालले. सेवादाराचा तंत्रज्ञ येऊन राउटर बदलून गेला. फरक पडला नाही.

येथे थोडे मुळातून पाहू. नेटवर्कवरून जाणारा मजकूर अखंड प्रवाहासारखा जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात: कोणाकडे जायचे आणि कोणाकडून आले. पत्ता म्हणजे ० ते २५५ मधील चार संख्या. आपल्या सर्व्हरचा जुन्या नेटवर्कवरील पत्ता १९२.१६८.१.१० असा आहे आणि नव्या नेटवर्कवरील १९२.१६८.५०.१० असा. एकाच यंत्राला दोन पत्ते असू शकतात, ही पहिली लक्षात घ्यायची गोष्ट. पत्ता यंत्राचा नसतो, त्याच्या प्रत्येक नेटवर्क कार्डाचा असतो. यातील १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराचे आहेत. जगात लाखो घरांत तेच पत्ते आहेत. बाहेरच्या जगाला आपला राउटरच दिसतो, त्याचा पत्ता वेगळा असतो, आणि पाकीट आत घेताना किंवा बाहेर सोडताना राउटर त्यावरील पत्ता बदलून देतो व त्या व्यवहाराची नोंद आपल्याजवळ ठेवतो.

सर्व्हरला एखादे पाकीट पाठवायचे असते तेव्हा तो आपल्याजवळचे एक कोष्टक पाहतो. त्यात ओळी असतात: १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता असेल तर पहिल्या कार्डाने पाठव, १९२.१६८.५० ने सुरू होणारा असेल तर दुसऱ्या कार्डाने पाठव. पत्त्याशी जास्तीत जास्त जुळणारी ओळ निवडायची हा नियम. पण पुण्यातील फोनचा पत्ता या दोहोंतही बसत नाही. त्यासाठी शेवटी एक सरसकट ओळ असते: बाकीचे सारे अमुक राउटरकडे सोपव. यालाच डिफॉल्ट गेटवे म्हणतात. आता नीट पाहा. या संपूर्ण कोष्टकात फक्त जाण्याचा पत्ता विचारात घेतला जातो. पाकीट ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न कोणत्या वाटेने आला होता, हे कोष्टक विचारतच नाही.

वसतिगृहाच्या दोन फाटकांचे उदाहरण मी वर्गात देतो. पुढच्या फाटकावरचा पहारेकरी आत येणाऱ्या पाहुण्याचे नाव वहीत लिहितो. मागच्या फाटकावरही पहारेकरी आहे, त्याचीही वही आहे. आत आलेल्याला कोणीतरी सांगितले की, बाहेर जाताना सगळ्यांनी मागच्या फाटकाने जायचे. पाहुणा तिकडे गेला. तिथला पहारेकरी वही उघडून म्हणतो, तुमचे नाव माझ्याकडे नाही, सोडता येणार नाही. आपल्या सर्व्हरचे नेमके हेच झाले. पुण्याहून निघालेली विचारणा जुन्या राउटरमधून आत आली. सर्व्हरने उत्तर तयार केले. पण उत्तराचे पाकीट पुण्याचे, म्हणजे 'बाकीच्या साऱ्यां'पैकी, म्हणून ते डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे नव्या राउटरकडे गेले. नव्या राउटरच्या नोंदीत अशी कोणतीही विचारणा नव्हती. त्याने पाकीट टाकून दिले. समजा त्याने ते पुढे सोडले असते, तरी त्यावर आपला पत्ता घालूनच सोडले असते, आणि पुण्याच्या फोनने अनोळखी पत्त्यावरून आलेले उत्तर स्वीकारले नसते. मोठे सेवादारही आपल्या नेटवर्कमधून परक्या पत्त्याची पाकिटे बाहेर जाऊ देत नाहीत. खोट्या पत्त्यांनी होणारे हल्ले रोखण्यासाठी तशी शिफारस २००० सालापासून आहे, आणि ती योग्यच आहे.

शाळेतल्या शाळेत पान का उघडत होते, तेही यावरून कळते. संगणक कक्षातील संगणकाचा पत्ता १९२.१६८.५० चा, त्याच्यासाठी कोष्टकात स्वतंत्र ओळ आहे, सरसकट ओळीशी त्याचा संबंधच येत नाही. म्हणजे मी ज्या ठिकाणी उभा राहून तपासत होतो, त्या ठिकाणी हा दोष कधीही दिसणार नव्हता.

राहिले विजेचे कोडे. दोन्ही राउटर सर्व्हरला 'सरसकट माझ्याकडे पाठव' असेच सांगत होते. अशा दोन ओळी झाल्या की सर्व्हर त्यांना क्रमांक देतो आणि लहान क्रमांकाची ओळ वापरतो. आपल्या सर्व्हरवर, वीज आल्यावर जे कार्ड आधी जागे होई त्याला लहान क्रमांक मिळे. जुने कार्ड आधी जागे झाले की उत्तरे जुन्या वाटेने जात आणि सारे सुरळीत. नवे आधी जागे झाले की बाहेरचे जग बंद. ज्या बिघाडाचे कारण आम्ही पुण्याच्या फोनमध्ये शोधत होतो, तो आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अवलंबून होता.

हे आम्हांला उमगले ते आपल्याच एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती पुण्यात याच क्षेत्रात काम करते. मी फोनवर सारी हकीकत सांगू लागलो तर तिने मध्येच थांबवले. "सर, विचारणा पोचते की नाही ते नंतर पाहू. उत्तर कुठल्या कार्डाने निघते ते आधी बघा." तिने सांगितल्याप्रमाणे सर्व्हरवर टीसीपीडम्प नावाचे पाहणीचे साधन चालवले. एका खिडकीत पहिले कार्ड, दुसऱ्या खिडकीत दुसरे. तिने पुण्याहून पान उघडले. पहिल्या खिडकीत तिची विचारणा आली. एक सेकंदाने तीच पुन्हा, मग थोड्या जास्त अंतराने पुन्हा. त्या खिडकीत उत्तराची एकही ओळ नाही. उत्तरे सगळी दुसऱ्या खिडकीत, एकामागून एक बाहेर पडत होती. सर्व्हर गप्प नव्हता, तो प्रामाणिकपणे उत्तर देत होता आणि ते नव्या राउटरच्या दाराशी संपत होते. ते दृश्य पाहून मला पुण्याच्या त्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर आठवले. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून क्षमा मागितली.

पालक सभेत मी हे सांगत असताना एका आजोबांनी विचारले, "म्हणजे कुर्डुवाडीसारखंच की?" प्रश्न मोठा मार्मिक होता. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली, ती अडीच फुटांच्या रुळांवर. कुर्डुवाडीला तिची गाठ मोठ्या रुळांच्या मुंबई मार्गाशी पडे. नांदेडची गाडी मनमाड–सिकंदराबाद मार्गावरची, मीटर गेजची. शेजारची दोन गावे, पण दोघांचे रूळ जुळत नसत. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्यात घालावे लागे, आणि ते ओझे कोणाच्या पाठीवर असे हे वाचकांना सांगायला नको. लातूरचा मार्ग २००७–०८ मध्ये रुंद झाला, म्हणून तर एप्रिल २०१६ च्या पाणीटंचाईत मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी थेट लातुरात येऊ शकली. तरीही आजोबांना मी सांगितले की आपले प्रकरण त्याच्या उलट आहे. कुर्डुवाडीत माल अडे तो रूळ वेगळे म्हणून. आपल्या दोन्ही नेटवर्कचे रूळ अगदी एक आहेत, पाकीट कोणत्याही वाटेने निघू शकते. अडचण होते ती त्या मोकळीकीमुळेच. परतीचे तिकीट एका मार्गाचे आणि गाडी धरली दुसऱ्या मार्गाची.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट विशेष वाटली. हा पेच नवा नाही. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांनी कसे वागावे याचा जो नियमग्रंथ, आरएफसी ११२२, ऑक्टोबर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकाहून अधिक पत्ते असलेल्या यंत्राची चर्चा आहे. तिथे दोन मते मांडली आहेत. एक कडक: ज्या कार्डाचा पत्ता, त्याच कार्डाने त्याची ये-जा. दुसरे सैल: यंत्र एकच आहे, कोणत्याही कार्डाने पाठवावे. ग्रंथाने कोणतेही एक मत सक्तीचे केले नाही. आपल्या सर्व्हरवरील लिनक्स ही प्रणाली मुळात सैल मताची आहे, आणि तिला आपल्या गरजेपुरते कडक करणे आपल्या हाती आहे.

ते असे केले. लिनक्समध्ये कोष्टक एकच असले पाहिजे असे नाही. १९९९ च्या २.२ या आवृत्तीपासून अनेक कोष्टके ठेवता येतात. नेहमीच्या मुख्य कोष्टकाला २५४ हा क्रमांक आहे. आम्ही आणखी दोन तयार केली. एकात जुन्या नेटवर्कची ओळ आणि 'बाकीचे सारे जुन्या राउटरकडे' ही ओळ. दुसऱ्यात नव्या नेटवर्कची ओळ आणि 'बाकीचे सारे नव्या राउटरकडे'. मग मुख्य कोष्टकाच्या आधी पाहिले जातील असे दोन नियम घातले: पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.१० असेल तर पहिले कोष्टक पाहा, १९२.१६८.५०.१० असेल तर दुसरे. विचारणा ज्या पत्त्यावर आली त्याच पत्त्याच्या नावाने उत्तर लिहिले जाते, त्यामुळे उत्तर आपोआप आल्या वाटेने परतते. सर्व्हर स्वतःहून जी कामे सुरू करतो, म्हणजे प्रणालीची सुधारणा उतरवणे वगैरे, त्यांना अजून पत्ता चिकटलेला नसतो. ती पूर्वीप्रमाणे मुख्य कोष्टकाने जातात. तिथेही दोन्ही सरसकट ओळींना कायमचे क्रमांक देऊन टाकले, म्हणजे कोण आधी जागे झाले यावर काही अवलंबून राहिले नाही. हे सारे कायमस्वरूपी नोंदवावे लागते, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू होताच पुसले जाते. आमच्याकडून पहिल्या दिवशी ते राहून गेलेच होते.

कोष्टके लिहिताना स्वतःच्या नेटवर्कची ओळ विसरू नये. ती नसेल तर शेजारच्या संगणकाचे पाकीटही राउटरला वळसा घालून जाऊ पाहते. तसेच, परतीची वाट तपासून येणारे पाकीट नाकारण्याची एक सोय लिनक्समध्ये असते. ती कडक ठेवली असेल तर अशा स्थितीत विचारणाच आत येत नाही आणि शोध आणखी अवघड होतो. काही जण ती सरळ बंद करून मोकळे होतात. कारण न शोधता पहारेकऱ्याला घरी पाठवण्यातला तो प्रकार आहे.

एका बाबतीत मात्र मी पहिल्या दिवसापासून आग्रही होतो. दोन नेटवर्कमध्ये उभे असलेले यंत्र मनात आणले तर एका बाजूची पाकिटे दुसऱ्या बाजूला नेऊन सोडू शकते. अभ्यासिकेतील मुले कोणत्या संकेतस्थळावर जातात आणि कार्यालयात कोणाची जातीची, जन्माची, वडिलांच्या व्यवसायाची नोंद ठेवली आहे, या दोन बाजू एकमेकींना लागता कामा नयेत. म्हणून पाकिटे पुढे पाठवण्याची ती सोय आपल्या सर्व्हरवर बंद आहे, आणि रजिस्टरची पाने ज्या भागात आहेत तो भाग नव्या नेटवर्कच्या पत्त्यावर उघडतच नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीला शाळेत नाव घालताना काय काय ऐकावे लागले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या रजिस्टरची जपणूक कशासाठी हे समजावून सांगावे लागत नाही.

या उपायाने काय साधले नाही तेही सांगतो. जुनी केबल तुटली तर बाहेरचे पान आजही बंद पडते, कारण जगाला तोच पत्ता ठाऊक आहे. केबल सर्व्हरला लागलेली असते, तुटलेली असते ती दहा कोसांवर, त्यामुळे सर्व्हरला वाट बंद असल्याचे आपणहून कळतही नाही. पानाचे नाव दुसऱ्या पत्त्याकडे वळवता येते, पण नव्या राउटरमधून आत येण्याची वाट आधी करून ठेवावी लागते आणि नाव वळल्याची वार्ता सर्वत्र पसरायला वेळ लागतो. मोठी विद्यापीठे आणि बँका स्वतःचे पत्ते घेतात आणि बीजीपी या पद्धतीने दोन्ही सेवादारांकरवी तेच पत्ते जगाला जाहीर करतात. आपल्या देशात असे पत्ते आयआरआयएनएन ही संस्था देते. आपल्या शाळेला तो खर्च आणि ती देखभाल आज झेपणार नाही, आणि गरजही तेवढी नाही. केबल तुटलेल्या दिवसांत अर्ज फोनवर लिहून घेण्याची वही कार्यालयात ठेवली आहे.

आता महिन्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर, नववीची दोन मुले सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करतात. एकजण शाळेच्या वायफायवर पान उघडतो. दुसरी अधीक्षकांचा मोबाइल घेऊन, वायफाय बंद करून, फाटकाबाहेर चिंचेखाली जाऊन तेच पान उघडते. दोघांनी वहीत वेळ लिहून सही करायची. पानावरून मिळालेला उतारा पाहण्यापुरता असतो. समितीपुढे मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रतच लागते. ती पोस्टाने पाठवली जाते. गेल्या जूनमध्ये ज्यांचे अर्ज पोचले नाहीत त्यांनी प्रवेशाचे वर्ष कळवावे, त्यांच्या नोंदी आधी काढल्या जातील.